शेततळ्यातला मासा पाणी नासवतो का?

चोपडा तालुक्यात शेततळ्यात मासे सोडायचा विषय निघाला की माशाच्या भावाआधी पाण्याची चौकशी होते. ‘हेच पाणी ठिबकनं केळीला जातं. मासे सोडले तर ते नासेल का? केळीला बाधेल का?’ ज्याचं शेत नाही, त्याचा प्रश्न थोडा वेगळा असतो. धरणात ठेकेदार मासे टाकतो, मग तेच पाणी आपण पितो, हे चालतं का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र दोन्हींना एकच उत्तर देता येत नाही. शिवाय मत्स्यशेतीचं सर्वात न भरून येणारं नुकसान या दोन्ही प्रश्नांच्या बाहेरच राहतं. म्हणून एकेक गोष्ट क्रमाने घेऊ.

१. एका नावाखाली तीन धंदे

गूळ, अनेर, हतनूर यांसारख्या धरणांत मच्छीमार सहकारी संस्था किंवा ठेकेदार मासेमारीचा ठेका घेतात. पावसाळ्यात बीज सोडायचं आणि पुढे जाळी टाकून मासा काढायचा, एवढंच काम. खायला कुणी घालत नाही. पाण्यात आपोआप जे तयार होतं त्यावर मासा वाढतो. हा पहिला प्रकार. दुसरा शेततळ्याचा: पाणी थोडं, मासे दाट, आणि रोजचं खाद्य. तिसरा त्या मानाने नवा: धरणाच्या खोल पाण्यात तरंगत्या सांगाड्याला जाळ्यांचे पिंजरे टांगायचे, त्यात मासे कोंडायचे आणि त्यांना वरून गोळी खाद्य द्यायचं. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा पिंजऱ्यांना अनुदान ठेवलं गेलं.

या तिन्हींत लागणारं बीज येतं बीज केंद्रातून. अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं, जिऱ्याएवढं पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे. ते वाढून बोटाएवढं झालं की बोटुकली. एकेकाळी हे बीज पुराच्या नदीतून गोळा करावं लागे, कारण कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. ओडिशात अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं आणि बीज हवं तेव्हा, हवं तेवढं मिळू लागलं. आज देशभर १० जुलैला मत्स्य शेतकरी दिवस असतो, तो यामुळेच. या शोधाने मासा नदीपासून सुटा झाला. कुठल्याही खोऱ्यातला मासा कुठल्याही तळ्यात पोचवणं सोपं झालं. सहाव्या भागात याच सोपेपणाकडे परत यावं लागेल.

२. खाल्लेलं आणि उरलेलं

आता नासण्याचा हिशोब. एक टन मासा तयार करायला साधारण दीड टन खाद्य लागतं असं धरू. खाद्यात २८ टक्के प्रथिनं असतील, तर दीड टनात ४२० किलो प्रथिनं झाली. प्रथिनात १६ टक्के नत्र असतं. म्हणजे ६७ किलो नत्र आपण पाण्यात टाकलं. एक टन माशाच्या अंगात त्यातलं सुमारे २७ किलो जातं. उरलेलं ४० किलो माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांवाटे आणि न खाल्लेल्या गोळ्यांतून पाण्यात राहतं. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असतं. तेव्हा एक टन मासा म्हणजे पाण्यात दोन गोण्या युरिया. स्फुरदाचा हिशोब असाच मांडला, तर जवळजवळ एका डीएपीच्या गोणीइतकं स्फुरद मागे राहतं.

आकडा ऐकून दचकायला होतं. पण ३० बाय ३० मीटरच्या, तीन मीटर खोल शेततळ्यातून एक टन मासा निघत नाही. चार क्विंटल निघाला तरी चांगलं पीक. त्याचं उरलेलं नत्र १६ किलो, म्हणजे युरियाची एक गोणीही भरत नाही. केळीच्या एका खोडाला वर्षाला २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. या हिशोबाने तळ्यातल्या माशांनी वर्षभरात केलेली सगळी ‘घाण’ ८० खोडांचं खत झाली. त्यातलंही काही हवेत उडतं, काही तळाच्या गाळात बसतं.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: केळीला बाधत नाही, उलट थोडं खतच मिळतं. त्रास होतो तो ठिबकला. खताने पाण्यात शेवाळ येतं आणि शेवाळाने ड्रिपर बुजतात. सँड फिल्टर नसेल किंवा तो वेळेवर धुतला जात नसेल, तर मे महिन्यात बागेचा एक कोपरा सुकलेला दिसेपर्यंत कळतही नाही. ही अडचण खरी आहे. पण तिला प्रदूषण म्हणणं जास्तच होईल.

धरणातला न चारलेला मासा तर याच्या उलट काम करतो. शेतातून वाहून आलेलं खत पाण्यात विरघळतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक जीव, आणि त्यांवर मासा. असा एक टन मासा जाळ्यातून बाहेर काढला की त्याच्याबरोबर २७ किलो नत्र धरणाबाहेर जातं. पिण्याच्या पाण्याच्या धरणात नुसतं बीज सोडायला घाबरण्याचं कारण नाही, ते यामुळे. फक्त बीज कशाचं, हे बघावं लागतं.

३. पहाटेची वेळ

खतामुळे नुसतं शेवाळच वाढतं असं नाही. खरा खेळ प्राणवायूचा आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मुळातच थोडा असतो आणि पाणी तापेल तसा तो कमी मावतो. २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ७. कटला-रोहूला ५ च्या वर बरं वाटतं. त्याखाली खाणं मंदावतं आणि २ च्या आसपास गुदमरायची वेळ येते. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४५ कडे झुकतो तेव्हा सुरुवातच कमी भांडवलावर होते.

हिरवं शेवाळ हा इथे विचित्र सालदार आहे: दिवसा उन्हात राबून प्राणवायू कमावून देतो आणि रात्री घरातलाच खाऊन बसतो. पाणी जितकं हिरवंगार, तितकी दुपारची शिल्लक मोठी आणि पहाटेचा खड्डाही खोल. शेवाळाचा एकदम मोठा थर मेला, तर तो कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात. म्हणून मासे दुपारी मरत नाहीत. ते मरतात पहाटे, उजाडण्याच्या जरा आधी, किंवा चार दिवस ढग राहिले की. त्या वेळी ते पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करतात. बांधावरून बघणाऱ्याला वाटतं, भूक लागली. तो आणखी खाद्य टाकतो आणि उरलंसुरलं बिघडवतो. अशा वेळी खाद्य थांबवायचं, पंप लावून पाणी उंचावरून तळ्यातच पाडायचं, एरेटर असेल तर चालू करायचा.

शेततळ्यात हे घडलं तर नुकसान मालकाचं. धरणात घडलं तर ते सगळ्यांचं होतं. म्हणून पिंजऱ्यांचा वेगळा विचार करू.

४. धरणातले पिंजरे

समजा, धरणात चोवीस पिंजरे आहेत आणि प्रत्येकातून तीन टन मासा निघतो. ७२ टन झाला. मघाचाच हिशोब लावला तर वर्षाला सुमारे १४० गोण्या युरिया आणि ६५ गोण्या डीएपीतल्या स्फुरदाएवढा माल थेट धरणात पडला. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुतेक वेळा स्फुरदावर अडलेली असते, त्यामुळे या दोहोंत दुसऱ्या आकड्याकडे जास्त लक्ष द्यावं.

हा माल जास्त की कमी, हे धरण ठरवतं. ऑगस्टमध्ये हतनूरचे ४१ दरवाजे उघडून तापीचं लाल पाणी खाली जात असतं, तेव्हा शंभर-दीडशे गोण्यांचा मागमूस राहत नाही. मे महिन्यात तेच पाणी आक्रसतं, वाहणं थांबतं, आणि गाळाने आधीच उथळ झालेल्या भागात सगळं साचतं. गूळसारख्या मध्यम प्रकल्पात उन्हाळ्यात तर पाणी आणखी थोडं उरतं. पिंजऱ्यांची संख्या ठरवताना भरलेल्या धरणाचा आकडा धरला जातो की मे अखेरच्या साठ्याचा, हा एकच प्रश्न मला निर्णायक वाटतो. पिंजऱ्याला बारा महिने खोल पाणी लागतं. छोट्या धरणांत तो नकोच.

मर्यादा ओलांडल्यावर काय होतं, ते फिलिपिन्समधल्या ताल सरोवराने मे २०११ मध्ये दाखवलं. दाटीवाटीच्या पिंजऱ्यांखाली वर्षानुवर्षं साचलेला कुजका थर, हवामानातला बदल, तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर आलं, आणि काही दिवसांत सुमारे दोन हजार टन मासे मेले.

तरी माशाला फासावर चढवताना प्रमाण सुटू नये. उजनी धरणाचं पाणी हिरवं पडतं त्यात पुणे-पिंपरीच्या सांडपाण्याचा वाटा मासेमारीच्या कितीतरी पुढचा आहे. तापीतही गावांचं सांडपाणी आणि शेतातलं वाहून आलेलं खत हेच मोठे भागीदार.

५. जमिनीखालचं पाणी

चोपडा, यावल, रावेर हा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा. डोंगर संपतो तिथे दगडगोटे आणि वाळूचा जाड थर आहे. त्याला भूगर्भशास्त्रात बझाडा म्हणतात. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांचं पाणी त्यात मुरतं आणि खाली केळीच्या पट्ट्यातल्या विहिरींना मिळतं. या भागातला, विशेषतः यावल-रावेरचा, भूजल उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला, त्याला बरीच वर्षं झाली. तापी खोऱ्यातल्या महापुनर्भरण प्रकल्पासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने मे २०२५ मध्ये करार केला, तो याच दुखण्यासाठी.

शेततळ्याची मूळ कल्पना पावसाचं वाहतं पाणी अडवण्याची. आपल्याकडे बरीच तळी बोअरने भरली जातात आणि खाली प्लास्टिक अंथरलेलं असल्याने त्यातलं पाणी परत मुरत नाही. ३० बाय ३० म्हणजे ९०० चौरस मीटरचा पृष्ठभाग. मे महिन्यात रोज एक सेंटीमीटर पाणी उडतं असं धरलं, तर ९,००० लिटर रोज हवेत गेले. खोडाला दिवसाला २० लिटर धरले तर साडेचारशे खोडांचं पाणी.

यात माशाचा दोष काय? बाष्पीभवन मासे नसतानाही होतंच. पण मासे नसलेलं तळं एप्रिलमध्ये रिकामं होऊ देता येतं. मासे असलेलं देता येत नाही. पाणी उतरू लागलं की ते दाट होतात, तापतात, गुदमरतात. मग त्यांना जगवायला बोअर पुन्हा चालू होतो, नेमका पातळी सर्वात खोल गेलेल्या महिन्यांत. शेततळ्यातल्या मत्स्यशेतीचा आपल्या भागातला मोठा पर्यावरणीय खर्च मला इथे दिसतो, विष्ठेत नाही. उपायही साधा आहे: जुलै-ऑगस्टमध्ये मोठी बोटुकली, शक्य तर वर्षभर वाढवून ठेवलेलं बीज सोडायचं आणि मार्चअखेर मासा विकून मोकळं व्हायचं. मासा किलोऐवजी पाऊण किलोचा निघेल. निघू द्यावा.

६. आला तो गेला नाही

आतापर्यंतची सगळी नुकसानं परतवता येण्यासारखी आहेत. खाद्य थांबवलं, पिंजरे काढले, दोन पावसाळे गेले की पाणी बरंचसं सावरतं. नव्या माशाच्या जातीचं तसं नाही.

चिलापीचं उदाहरण घेऊ. मूळ आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. काटक, काहीही खाणारा, लवकर वाढणारा. गरिबांसाठी स्वस्त मासा म्हणून कौतुक झालं. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, केंद्राच्या मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. तोवर तो निसटला होता. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती इतर माशांच्या पोटात जात नाहीत. दोन-तीन महिन्यांची झाली की ती विणीला येते आणि वर्षातून अनेकदा विते. तळं थोड्याच दिवसांत खुरट्या चिलापींनी भरतं आणि त्याच खाण्यावर जगणारे बाकीचे मागे पडतात. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीतून आज भिगवणच्या बाजारात उतरणाऱ्या मासळीत मोठा हिस्सा चिलापीचा असतो. तिथल्या मच्छीमारांचं पोट त्यावर चालतं, हेही खरं. त्यामुळे आता कुणी तो हटवा म्हणणार नाही. आक्रमक जातीचं हेच होतं, ती लोकांच्या हिशोबात जाऊन बसते.

मांगूर हे त्याहून वाईट प्रकरण. हा आफ्रिकी मांगूर हवेतून श्वास घेतो, घाणेरड्या पाण्यात जगतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि मांस खातो. त्याला कोंबडीचे टाकाऊ अवयव घालून वाढवायचे धंदे उभे राहिले. केंद्राने २००० साली त्यावर बंदी घातली. तरी पालन चालूच राहिलं. अखेर २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितलं आणि मत्स्यव्यवसाय विभागाने उजनीच्या काठी, इंदापूर-भिगवण भागातल्या तळ्यांत कारवाई केली. देशी मांगूर वेगळा. तो आपला आहे आणि आता दुर्मीळ आहे.

इथे ‘परका’ म्हणजे परदेशी, अशी समजूत करून घेऊ नये. लोणावळ्याला वळवणच्या बीज केंद्रात टाटांनी महाशीरचं बीज तयार करण्याचं मोठं काम केलं. दुर्मीळ होत चाललेला आपला मासा वाचावा हाच हेतू. ते बीज देशभर गेलं, कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर होता. आमचा तिथे फोफावला आणि तिथला मागे हटत गेला. २०१८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. देशी मासा, चांगला हेतू, नामांकित संस्था. फक्त नदी दुसरी होती.

या कसोटीवर कटला आणि रोहूही तापीचे पाहुणेच, कारण त्यांचं मूळ घर गंगेसारख्या उत्तरेकडच्या नद्यांत. मात्र साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नसल्याने दरवर्षी बीज टाकावं लागतं; टाकायचं थांबवलं तर धरणात ते हळूहळू कमी होतील. सायप्रिनस या माशाचं तसं नाही. तो धरणात वितो आणि तळ उकरून पाणी गढूळ करतो. (डासांच्या अळ्या खायला आरोग्य विभाग गावोगाव सोडतो ते गप्पीही दक्षिण अमेरिकेतले. नाल्यानाल्यांत पोचले, पण त्यांना कुणी मत्स्यशेती म्हणत नाही म्हणून चर्चेत येत नाहीत.)

यात नुकसान होतं कुणाचं? मरळ, वांब, शिंगटा, झिंगे आणि नाव नसलेली बोटभर मासळी ओढ्यांत आणि नदीच्या डोहांत टिकून आहे. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी पाड्यांवर ही बारीक मासळी घरच्या कालवणाची. ती बाजारात येत नाही, म्हणून तिची नोंद कुठल्या उत्पादनाच्या तक्त्यात नसते. धरणाचं उत्पादन वाढलं असं कागदावर दिसत असताना वरच्या ओढ्यातलं ताट रिकामं होऊ शकतं.

७. गोणीतलं खाद्य

अन्न आणि कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात पाळलेल्या जलचरांचं उत्पादन ९ कोटी ४४ लाख टन झालं आणि पकडलेल्या मासळीला त्याने पहिल्यांदाच मागे टाकलं. समुद्रावरचा भार त्याने हलका झाला का? ते खाद्यावर आहे. मांसाहारी माशाला, कोळंबीला मासळीची भुकटी लागते, आणि ती समुद्रातल्या बारक्या मासळीचीच होते. कटला-रोहूला भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड पुरते. या बाबतीत आपल्याकडचा मासा नॉर्वेच्या साल्मनपेक्षा कितीतरी गरीबगाय आहे.

कोळंबीचं किनाऱ्यावरचं प्रकरण निराळं. तिथे खारं पाणी भातशेतीत आणि विहिरींत उतरलं, खारफुटी तुटली, आणि ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाला किनारपट्टीतल्या कोळंबी तळ्यांविरुद्ध निकाल द्यावा लागला. प्रतिजैविकांचा वापर हा मात्र सगळीकडचा धोका. दाटीने रोग येतो, मग खाद्यात औषध कालवलं जातं, आणि त्या पाण्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. केळीला देण्याचं पाणी असेल तर औषध घालायच्या आधी मासे कमी करावेत.

८. बीज घेताना

बीज प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून येतं. गाडीवाला घाईत असतो, आणि पिशवीत कटला-रोहूबरोबर आणखी काय आहे हे बघायला कुणाला सवड नसते. एक पांढरं घमेलं घ्या, त्यात पिशवीतलं थोडं पाणी ओता आणि पिल्लं नीट बघा. चिलापीच्या पिल्लाच्या पाठीवरच्या पंखाच्या मागच्या बाजूला काळा ठिपका असतो. कटला-रोहूला तो नसतो. चपट्या डोक्याचं, तोंडाभोवती आठ लांब मिशा आणि पाठभर सलग पंख असलेलं पिल्लू दिसलं तर ते मांगूरच्या कुळातलं. देशी की आफ्रिकी हे त्या वयात ओळखू येत नाही, म्हणून ती पिशवी परत करावी. पावतीवर जातींची नावं आणि केंद्राचं नाव लिहून घ्यावं.

पिशवी उघडण्याआधी ती पंधरा-वीस मिनिटं तळ्याच्या पाण्यात तरंगत ठेवतात, आतलं आणि बाहेरचं पाणी सारख्या तापमानावर यावं म्हणून. तळ्याच्या सांडव्याच्या पाइपला बारीक जाळी बसवायची ती त्याच दिवशी. पावसाळ्यात बांधून होत नाही. आणि तळं भरून बीज उरलं, तर ते शेजाऱ्याच्या तळ्यात द्या, गूळ नदीच्या डोहात सोडू नका.